विद्यापीठाचा निकाल हाती आल्यावर तो कसा वाचावा आणि पुढे काय करावे

उन्हाळी परीक्षेचा निकाल विदर्भात बहुधा पेरणीच्या धामधुमीत लागतो आणि हिवाळी परीक्षेचा निकाल तूर-हरभऱ्याच्या काढणीच्या सुमारास येतो. घरची मोठी माणसे वावरात असतात, मोबाइलवर एक पीडीएफ उघडते, तिच्या तळाशी ‘फेल’ एवढेच दिसते आणि संध्याकाळपर्यंत घरात निर्णयही होऊन जातो. मुलगा असेल तर त्याला पुण्याकडे एखाद्या कंपनीत पाठवायचे ठरते, मुलगी असेल तर स्थळ पाहायला सुरुवात होते. या घाईत निकालाच्या वरच्या ओळी कोणी वाचलेल्या नसतात. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवताना आणि निकालाच्या दिवसांत मुलामुलींसोबत बसून त्यांचे निकाल वाचताना माझे ठाम मत झाले आहे की, ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा असलेल्या कित्येक निकालांत विद्यार्थी नापास झालेला नसतो, त्याचा निकाल अपुरा असतो. अपुरा निकाल पूर्ण करून घेता येतो, मात्र त्यासाठी तो ओळीओळीने वाचावा लागतो आणि योग्य अर्ज मुदतीच्या आत द्यावा लागतो. पुढील मजकूर प्रामुख्याने ज्यांच्या घरात याआधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी लिहिला आहे.

आपले विद्यापीठ कोणते आणि निकालाची मुदत किती

विदर्भातील अकरा जिल्हे तीन राज्य विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रात येतात. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे जिल्हे १९८३ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे, तर चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. कृषी पदवीचे निकाल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून आणि नर्सिंग, आयुर्वेद यांसारख्या आरोग्य अभ्यासक्रमांचे निकाल नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून लागतात. महाविद्यालय स्वायत्त असेल तर परीक्षा आणि निकाल महाविद्यालयाचे असतात, पदवी मात्र विद्यापीठ देते. आपण यांपैकी कोठे मोडतो हे हॉल तिकिटाच्या माथ्यावर छापलेले असते. नियम, शुल्क आणि मुदती विद्यापीठागणिक वेगळ्या असल्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात शिकणाऱ्या आतेभावाचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही.

निकाल किती दिवसांत लागला पाहिजे, याचे उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ नुसार विद्यापीठाने परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल जाहीर करण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो जाहीर करायचा असतो. हे दिवस आपला शेवटचा पेपर झाला त्या तारखेपासून मोजायचे नसून त्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून मोजायचे असतात. समजा, तुमचा शेवटचा पेपर ६ मे रोजी झाला, पण त्या अभ्यासक्रमाची परीक्षा १५ मेपर्यंत चालली, तर ३० दिवस १४ जूनला आणि ४५ दिवस २९ जूनला भरतात. तेवढ्यात निकाल लागला नाही तर विद्यापीठाला विलंबाची कारणे नमूद केलेला अहवाल कुलपतींना आणि राज्य शासनाला द्यावा लागतो. केवळ मुदत ओलांडली म्हणून निकाल अवैध ठरत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. त्यामुळे ४५ दिवस झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण प्राचार्यांमार्फत लेखी विचारणा करण्याचा आधार मात्र मिळतो.

निकाल तयार कसा होतो

हे समजून घेतले की निकालातल्या चुका कोठून येतात ते आपोआप कळते. लेखी पेपर संपला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षा केंद्रावरून विद्यापीठाकडे किंवा मूल्यांकन केंद्राकडे जातात. तेथे परीक्षार्थीचा क्रमांक झाकला जातो किंवा त्याऐवजी बारकोड वापरला जातो, मग उत्तरपत्रिका तपासली जाते. कोठे प्राध्यापक एकत्र बसून कागदावरच तपासतात, तर कोठे उत्तरपत्रिका स्कॅन होऊन संगणकाच्या पडद्यावर तपासली जाते. पडद्यावरची पद्धत वेगवान असली तरी पूर्वतयारीशिवाय ती उलटते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेच्या लाखो उत्तरपत्रिकांसाठी ती एकाच वेळी लागू केली, तेव्हा निकाल इतके रखडले की अखेरीस कुलगुरूंना पद गमवावे लागले.

लेखी गुणांचा हा प्रवास चालू असतानाच दुसऱ्या वाटेने अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाचे गुण येत असतात. ते महाविद्यालय पाठवते. विषय शिक्षक गुणांची यादी तयार करतो, कार्यालयातील लिपिक किंवा तोच शिक्षक ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरतो आणि भरल्यावर ती कुलूपबंद होते. त्यानंतर लेखी गुण आणि अंतर्गत गुण एकत्र जोडले जातात, उत्तीर्णतेचे आणि कृपांकांचे (थोड्याशा गुणांनी राहणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या वाढीव गुणांचे, म्हणजे ग्रेस मार्कांचे) नियम लावले जातात आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या अधिकारात निकाल जाहीर होतो. आधी संकेतस्थळावर किंवा महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये निकाल दिसतो आणि छापील गुणपत्रिका बऱ्याच काळाने महाविद्यालयात येते.

या दोन वाटा जेथे मिळतात तेथेच बहुतेक गफलती होतात. ज्या महाविद्यालयात मंजूर पदे रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक एप्रिलमध्ये घरी गेलेले आहेत, एकाच लिपिकाकडे प्रवेश, शिष्यवृत्ती आणि परीक्षा अशी तिन्ही टेबले आहेत आणि संकेतस्थळ शेवटच्या दिवशी उघडत नाही, तेथे एखाद्या विषयाचे अंतर्गत गुण भरायचे राहणे अगदी शक्य आहे. त्याचा भुर्दंड मात्र विद्यार्थ्याच्या निकालावर दिसतो.

निकाल पाहताना

निकाल नेहमी विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा ‘एसी डॉट इन’ असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या दुव्यावर जन्मतारीख, आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितला जात असेल तर तो बंद करावा. निकाल पाहण्यासाठी परीक्षा अर्जाचे हॉल तिकीट जवळ ठेवावे, कारण रोल नंबर दर परीक्षेला बदलू शकतो, तर नोंदणी क्रमांक म्हणजेच एनरोलमेंट नंबर पदवी संपेपर्यंत तोच राहतो. निकाल लागला त्या पहिल्या तासात संकेतस्थळ बसते आणि गावात रेंज नसेल तर अर्धवट पान उघडते. अशा वेळी सेवा केंद्रात गर्दी करण्यापेक्षा रात्री उशिरा किंवा पहाटे पाहिलेले बरे.

स्क्रीनशॉट पुरेसा नसतो. पीडीएफ जतन करावी, तिची एक छापील प्रत काढावी आणि तिच्या कोपऱ्यात निकाल जाहीर झाल्याची तारीख लिहून ठेवावी. ही तारीख पुढच्या सगळ्या मुदतींचा पाया आहे. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत, फेरतपासणी (बेरीज आणि तपासायचे राहिलेले उत्तर पाहणे) आणि फेरमूल्यांकन (उत्तरे पुन्हा तपासून गुण देणे) यांची मुदत निकाल जाहीर झाल्यापासून चालू होते, गुणपत्रिका हातात पडल्यापासून नव्हे. ‘मार्कशीट आल्यावर बघू’ असे म्हणत थांबलेल्या विद्यार्थ्याचा हक्क बहुतेक वेळा याच एका गैरसमजामुळे बुडतो.

ओळ न ओळ वाचणे

सातबारा हाती आला की आपण नाव पाहून थांबत नाही, गट क्रमांक, क्षेत्र, पिकाची नोंद आणि बोजा हे सगळे पाहतो. निकालही त्याच काटेकोरपणे वाचावा. सर्वांत वर स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आईचे नाव, नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रम आणि सत्र पाहावे. त्यानंतर प्रत्येक विषयाचा संकेतांक हॉल तिकिटावरच्या संकेतांकाशी ताडून पाहावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बदललेल्या अभ्यासक्रमांत एकाच विद्यार्थ्याला मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय), कौशल्याचा पेपर, भाषेचा पेपर आणि मूल्यशिक्षणाचा पेपर असे अनेक लहानमोठे विषय असतात. त्यामुळे ज्या ओपन इलेक्टिव्हचा तास आपण वर्षभर केला, त्याऐवजी दुसऱ्याच विषयाचा संकेतांक परीक्षा अर्जात पडला आहे, असे निकालाच्या दिवशी उघड होते. ही चूक हॉल तिकीट मिळाले त्या दिवशीच पकडली असती तर एका अर्जात सुटली असती, म्हणून पुढच्या परीक्षेसाठी हे लक्षात ठेवावे.

प्रत्येक विषयापुढे लेखी, अंतर्गत आणि असल्यास प्रात्यक्षिक असे वेगवेगळे रकाने असतात. अनेक अभ्यासक्रमांत लेखी आणि अंतर्गत या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे एकूण बेरीज भरपूर दिसत असली तरी एका रकान्यात किमान गुण नसतील तर विषय राहतो. किमान गुण किती हे त्या अभ्यासक्रमाच्या अध्यादेशात (विद्यापीठाच्या परीक्षा नियमांत) किंवा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला दिलेले असते. गुणांपुढे एखादी चांदणी किंवा खूण असेल तर ती बहुधा कृपांक दिल्याची खूण असते, तिचा अर्थही मागच्या बाजूलाच सापडतो.

आता ग्रेड आणि क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत ‘ओ’ या ग्रेडला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, ‘पी’ला ४ आणि ‘एफ’ला ० गुणांक असतो. अनुपस्थित विद्यार्थ्यालाही ० मिळतो. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचे वजन. चार क्रेडिटचा मेजर पेपर आणि दोन क्रेडिटचा भाषेचा पेपर यांचे निकालातले वजन सारखे नसते. सत्राचा एसजीपीए म्हणजे त्या सत्राचा सरासरी गुणांक काढताना प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि गुणांक यांचा गुणाकार करून त्यांची बेरीज करतात आणि तिला एकूण क्रेडिटने भागतात.

कागद-पेन घेऊन हे एकदा स्वतः करून पाहावे. समजा, एका विद्यार्थिनीच्या सत्रात २२ क्रेडिट आहेत. मेजरच्या चार क्रेडिटच्या पहिल्या पेपरला ‘बी प्लस’ आहे, म्हणजे २८. दुसऱ्या चार क्रेडिटच्या पेपरला ‘बी’, म्हणजे २४. दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला ‘ए प्लस’, म्हणजे १८. चार क्रेडिटच्या मायनरला ‘सी’, म्हणजे २०. मग दोन-दोन क्रेडिटचे चार विषय: ओपन इलेक्टिव्हला ‘ए’ म्हणजे १६, कौशल्याच्या पेपरला ‘बी प्लस’ म्हणजे १४, पर्यावरणाच्या पेपरला ‘ए’ म्हणजे १६ आणि इंग्रजीला ‘एफ’ म्हणजे शून्य. बेरीज १३६ आणि क्रेडिट २२, म्हणून भागाकार ६.१८ येतो. एखादा विषय राहिला असेल तर काही विद्यापीठे एसजीपीएची जागा कोरी ठेवतात. तेथे कोरी जागा दिसली म्हणून सगळे वर्ष वाया गेले असे समजू नये. या विद्यार्थिनीने २२ पैकी २० क्रेडिट मिळवलेले आहेत आणि ते तिच्या नावावर जमा राहतात. पुढच्या परीक्षेत तिने इंग्रजी नुसत्या ‘पी’ ग्रेडने सोडवली तरी बेरीज १४४ होते आणि एसजीपीए ६.५५ होतो. घरी सांगायचे असेल तर ‘नापास झाली’ असे न सांगता ‘आठांपैकी सात विषय सुटले, दोन क्रेडिटची इंग्रजी राहिली’ असे सांगावे, कारण खरे तेच आहे.

सीजीपीए म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांचा एकत्रित हिशेब, आणि तोही क्रेडिटच्या वजनाने होतो. पहिल्या सत्रात २२ क्रेडिटला ६.५५ आणि दुसऱ्या सत्रात २० क्रेडिटला ७.२० असेल, तर सरळ सरासरी ६.८८ येते, पण सीजीपीए ६.८६ होतो. फरक लहान दिसतो, पण गुणवत्ता यादीत एवढ्या फरकानेही क्रम बदलतो. सीजीपीएवरून टक्केवारी काढण्याचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे आहे. त्यामुळे नोकरीच्या अर्जात दहाने किंवा साडेनऊने गुणून आकडा ठोकून देऊ नये, आपल्या गुणपत्रिकेवरील सूत्र वापरावे किंवा विद्यापीठाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र घ्यावे.

‘अनुत्तीर्ण’ नेमका कशामुळे

निकालाच्या तळाशी असलेला शेरा अनेक वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. लेखी पेपरमध्ये खरोखरच किमान गुणांपेक्षा कमी गुण मिळाले असतील तर तो विषय राहिला, आणि त्यासाठी पुढच्या परीक्षेचा अर्ज किंवा उत्तरपत्रिकेची फेरपाहणी हे दोनच मार्ग आहेत. परंतु विषयापुढे ‘अनुपस्थित’ लिहिले असेल आणि आपण पेपर दिलेला असेल, अंतर्गत गुणांच्या रकान्यात शून्य किंवा आडवी रेघ असेल, किंवा निकाल ‘राखीव’ अर्थात विथहेल्ड दाखवला असेल, तर तो गुणवत्तेचा प्रश्न नसून नोंदीचा प्रश्न आहे. तो फेरमूल्यांकनाचे पैसे भरून सुटत नाही. हे मला फार तळमळीने सांगावेसे वाटते, कारण दरवर्षी मजुरीचे पैसे मोडून पालक नको त्या अर्जाचे शुल्क भरतात आणि मूळ चूक तशीच राहते.

माझ्यासमोर आलेला एक निकाल सांगतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीच्या निकालात रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकापुढे ‘अनुपस्थित’ होते आणि तळाशी ‘फेल’. तिच्या वडिलांनी आधीच ठरवले होते की, आता बस झाले. ती प्रात्यक्षिकाला हजर होती, तिची प्रयोगवही सही होऊन परत आलेली होती आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीला उत्तम गुण होते. आम्ही प्रयोगशाळेतून हजेरीपत्रक काढले. तिच्या नावापुढे तिची सही होती, गुणांच्या मूळ यादीत ४१ गुण होते, पण संकेतस्थळावर भरताना रोल नंबरचे शेवटचे दोन अंक उलटे पडले होते. विषय शिक्षकाचे पत्र, हजेरीपत्रकाची आणि गुणयादीची साक्षांकित प्रत, हॉल तिकिटाची प्रत आणि निकालाची प्रत जोडून प्राचार्यांच्या सहीने विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज गेला आणि सुधारित निकालात ती उत्तीर्ण झाली. या सगळ्यात फेरमूल्यांकनाचा एकही रुपया लागला नाही. चूक एवढीच असते, आणि ती दाखवणारा कागद महाविद्यालयातच असतो.

म्हणून ‘अनुपस्थित’ दिसल्यास लेखी पेपरसाठी केंद्रावरील स्वाक्षरीपत्रक आणि आपल्या उत्तरपत्रिकेचा क्रमांक, तर प्रात्यक्षिकासाठी हजेरीपत्रक आणि प्रयोगवही हे पुरावे मागावेत. अंतर्गत गुण नसतील तर आधी विषय शिक्षकाला गाठावे. गृहपाठ, सेमिनार किंवा चाचणी दिल्याचा पुरावा आपल्याजवळ असेल तर काम एका दिवसात होते. ‘राखीव’ निकालाची कारणे साधारणपणे पात्रतेची कागदपत्रे अपुरी असणे, नोंदणी पक्की न होणे, शुल्क थकणे, मागच्या सत्राचा निकाल लागायचा राहणे किंवा परीक्षेतील गैरप्रकाराची चौकशी चालू असणे ही असतात. दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या मंडळातून आलेल्या विद्यार्थ्यांचे स्थलांतर प्रमाणपत्र राहून गेल्यामुळे निकाल अडकणे सीमेलगतच्या तालुक्यांत विशेष दिसते. गैरप्रकाराची नोटीस आली असेल तर सुनावणीची तारीख चुकवू नये आणि आपले म्हणणे लेखी द्यावे.

एटीकेटीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, काही विषय राहूनही पुढच्या वर्गात बसण्याची ती परवानगी आहे. एकाच वर्षातल्या पहिल्या सत्रातून दुसऱ्या सत्रात जाताना सहसा अडचण येत नाही, अट लागते ती पुढच्या वर्षात जाताना. किती विषयांपर्यंत किंवा किती क्रेडिटपर्यंत सूट आहे हे अध्यादेशात असते आणि जुन्या व नव्या अभ्यासक्रमाची अट वेगळी असते, म्हणून मित्राच्या सांगण्यावर प्रवेश सोडू नये, कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे.

उत्तरपत्रिका पाहणे आणि पुन्हा तपासून घेणे

गुण खरोखरच अनपेक्षित कमी वाटत असतील तर सर्वप्रथम छायांकित प्रत मागवावी. फेरमूल्यांकनाचा अर्ज आंधळेपणाने करण्यापेक्षा आधी उत्तरपत्रिका डोळ्यांनी पाहणे केव्हाही शहाणपणाचे आहे. प्रत आल्यावर हस्ताक्षर आपले आहे का, सर्व पाने आणि पुरवण्या आहेत का, प्रत्येक उपप्रश्नापुढे गुण दिले आहेत का, आतल्या गुणांची बेरीज मुखपृष्ठावरच्या बेरजेशी आणि मुखपृष्ठावरची बेरीज निकालाशी जुळते का, हे शांतपणे पाहावे. आमच्याकडची मुले उत्तरांचा क्रम सोडून लिहितात आणि एखाद्या प्रश्नाचा उरलेला भाग शेवटच्या पुरवणीत पूर्ण करतात. तो भाग तपासायचा राहून जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून शेवटची दोन-तीन पाने विशेष बारकाईने पाहावीत. बेरीज चुकली असेल किंवा एखादे उत्तर तपासलेलेच नसेल तर फेरतपासणी पुरेशी आहे. उत्तराला दिलेले गुणच कमी वाटत असतील तर फेरमूल्यांकन लागते, पण तत्पूर्वी त्या विषयाच्या शिक्षकाला प्रत दाखवून त्यांचे प्रामाणिक मत घ्यावे. फेरमूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात का आणि बदललेले गुण कोणत्या अटीवर स्वीकारले जातात, हे आपल्या विद्यापीठाच्या नियमात वाचूनच अर्ज करावा.

येथे एक गोष्ट अजिबात विसरू नये. फेरमूल्यांकनाचा अर्ज केला असला तरी राहिलेल्या विषयाचा पुढील परीक्षेचा अर्ज मुदतीत भरून ठेवावा आणि अभ्यासही चालू ठेवावा. फेरमूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेच्या तोंडावर येतो, कधी तिच्यानंतरही येतो, आणि त्यावर विसंबून अर्ज न भरलेल्या विद्यार्थ्याचे सहा महिने विनाकारण जातात.

विद्यापीठाच्या मुदतीत छायांकित प्रत मागायची राहिली, तर माहितीच्या अधिकाराचा मार्ग उघडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकार कायद्याखाली पाहता येते आणि तिची प्रत मिळवता येते. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते लागत नाही आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. मात्र उत्तरपत्रिका ठरावीक काळच जतन केल्या जातात, म्हणून उशीर करू नये. शिवाय या मार्गाने उत्तरपत्रिका पाहायला मिळते, तिचे पुन्हा मूल्यांकन करून मिळत नाही.

दाद कोठे मागावी

कोणताही अर्ज आधी महाविद्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्यावा. तोंडी सांगून परतल्यास काहीच सिद्ध करता येत नाही. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात आहे आणि सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे. एसटीचे भाडे, दिवसभराची मजुरी आणि कधी मुक्काम असा खर्च करून विद्यापीठात गेल्यावर ‘कॉलेजमार्फत या’ असे उत्तर मिळाले तर माणूस खचून जातो. म्हणून प्राचार्यांच्या सहीचे पत्र असल्याशिवाय निघू नये आणि शक्य तेथे ईमेल व स्पीड पोस्टने काम करावे. महाविद्यालयातील परीक्षेचे काम पाहणाऱ्या शिक्षकांना विद्यापीठात कोणत्या टेबलावर काय अडले आहे हे फोनवर कळू शकते. ते करून घेण्याचा आग्रह धरण्यात गैर काही नाही.

इतके करूनही उत्तर येत नसेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार अशी समिती असणे बंधनकारक आहे आणि वेळापत्रकापेक्षा उशिरा निकाल लावणे ही त्या विनियमांखाली तक्रारीची बाब आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. पैसे घेऊन गुण वाढवून देतो असे सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नये, त्यात पैसेही जातात आणि विद्यार्थी गुन्ह्यात अडकतो.

निकालानंतरचे कागद

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करताना मागील वर्षाचा निकाल लागतो. निकाल राखीव किंवा अपुरा असेल तर ती बाब शिष्यवृत्तीच्या टेबलावर लेखी कळवून ठेवावी, म्हणजे अर्ज परस्पर बाद होणार नाही. वसतिगृहाच्या प्रवेशासाठीही हेच करावे.

विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) बारा अंकी एबीसी आयडी अद्याप काढला नसेल तर डिजिलॉकरमधून काढावा आणि त्यातील नाव आधारवरील तसेच महाविद्यालयातील नावाशी जुळते का ते पाहावे. नावात एका अक्षराचा फरक असला तरी क्रेडिट खात्यात जमा व्हायचे राहतात आणि महाविद्यालय बदलताना ते उघड होते. निकाल लागल्यानंतर काही काळाने खाते उघडून त्या सत्राचे क्रेडिट जमा झाले की नाही हे स्वतः तपासावे.

छापील गुणपत्रिका महाविद्यालयात आल्यावर ती घेताना नाव, आईचे नाव, नोंदणी क्रमांक आणि गुण तेथेच उभे राहून ऑनलाइन निकालाशी ताडून पाहावेत, कारण पदवी प्रमाणपत्रावर हीच नोंद उतरते. फेरमूल्यांकनात किंवा दुरुस्तीत गुण बदलले असतील तर जुनी गुणपत्रिका परत करून सुधारित गुणपत्रिका घ्यावी आणि परत केल्याची पोच जपून ठेवावी. मूळ गुणपत्रिकेला लॅमिनेशन करू नये, पडताळणीच्या वेळी त्यावरचा शिक्का आणि सही नीट तपासता येत नाही. ती प्लॅस्टिकच्या साध्या पाकिटात ठेवावी आणि तिच्या दोन साक्षांकित प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.